सप्लायर म्हणतो, फक्त नेट पॉइंट आणि लाइट द्या

विचारा, सांगते : कारखाना, दुकान, कार्यालय यांतलं वायरिंग, नेटवर्क आणि यंत्रं यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. कंत्राटी धरून 240 माणसं, तीन पाळ्या. मी टाइम ऑफिस सांभाळतो. आजवर गेटवर कार्ड पंच करायचं जुनं मशीन आणि खात्याखात्यात मस्टर, असं चाललं. आता मालकांनी चेहरा आणि अंगठा दोन्ही घेणारी, नेटवर्कवर चालणारी चार मशीनं मागवली आहेत. सप्लायर म्हणतो, "तुम्ही फक्त नेट पॉइंट आणि लाइट द्या, बाकी आमचा माणूस एका दिवसात करून जाईल." महिनाअखेरीस मशीनं येतील. तोवर आम्ही काय काय करून ठेवावं?
(एक वाचक, शिरोली)

उत्तर : सप्लायर खोटं बोलत नाही. मशीन भिंतीला लावून चालू करायला तासभरही लागत नाही. पण पहिल्या पगाराला "माझे दोन दिवस गेले कुठं?" म्हणून जी रांग लागते, ती त्याच्या दुकानापुढे लागत नाही, तुमच्या खिडकीशी लागते. म्हणून हा महिना तुमचा आहे असं समजा.

पहिलं काम वायरमनला बोलवायचं नाही. दुपारी तीनला पाळी बदलताना वही घेऊन गेटवर उभे राहा. गाड्या कुठं लागतात, डबा कुठं ठेवतात, कपडे कुठं बदलतात, फेटलिंगची (ओतीव माल घासून साफ करणारी) माणसं मागच्या शटरनं येतात का, हे बघा. आराखड्यात दार कुठंही असो, माणसं सावलीच्या आणि जवळच्या दारानंच जातात. मशीन त्या वाटेवर हवं.

मग गर्दीचं गणित मांडा. तीनला 90 माणसं चढतात आणि 80 उतरतात असं धरा. हेल्मेट वर करायचं, मशीनपुढं उभं राहायचं, ते बोलेपर्यंत थांबायचं, यात एका माणसामागे पाच सेकंद सहज जातात. 170 माणसांचे झाले 850 सेकंद, म्हणजे चौदा मिनिटं. मशीन एकच असेल तर तीनला पाच कमी असताना रांगेत आलेल्या शेवटच्या माणसाची नोंद तीन वाजून गेल्यावर होणार. उशीर त्याचा की मशीनचा? यावरून सुपरवायझर आणि कामगार हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले आहेत. चार मशीनं चार खात्यांत वाटायचा मालकांचा विचार असेल तर तो बदलायला सांगा. माझ्या मते तीन मुख्य गेटच्या आतल्या भिंतीवर ओळीनं, आणि एक मागच्या शटरला.

जागा ठरवताना फाउंड्रीची प्रकृती विसरू नका. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आणि मोल्डिंगची वाळू जिथं उडते तिथं मशीन नको. चेहरा घेणारं मशीन असं लावा की उजेड माणसाच्या तोंडावर पडेल. त्याच्या पाठीमागे उघडं शटर आणि उतरतं ऊन आलं की कॅमेऱ्याला काळी आकृती दिसते आणि मशीन हटून बसतं. रात्रपाळीसाठी वर एक ट्यूब हवीच. पत्र्याची पडवी असेल तर जुलैतला तिरका पाऊस कुठवर आत येतो, हे वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. उंचीचा आकडा मशीनसोबतच्या पत्रकात असतो, पण माझी पद्धत अशी की आधी भिंतीला भोक पाडायचंच नाही. प्लायवूडच्या फळीवर मशीन बसवायचं, फळी तात्पुरती टेकवायची आणि खात्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका गडी बोलवून दोघांचे चेहरे लागतात का बघायचं. मग ड्रिल.

आता केबल. इथं थोडी सविस्तर सांगते, कारण नंतरची बहुतेक रड इथलीच असते.

तांब्याच्या नेटवर्क केबलच्या एका तुकड्याची हद्द 100 मीटर. ते मीटर गेट ते ऑफिस असे पावलांनी मोजायचे नाहीत. भिंत चढून, केबलच्या ट्रेतून वळून, रॅकमध्ये (नेटवर्कच्या कपाटात) सोडलेल्या गुंडाळीपर्यंत जी लांबी होते ती खरी. मोठ्या आवारात ही हद्द कधी ओलांडली जाते कळतही नाही. मग होतं काय, की मशीन सकाळी दिसतं, दुपारी गायब होतं, आणि सप्लायर म्हणतो तुमचं नेट खराब. गेटची केबिन आणि ऑफिस या दोन वेगळ्या इमारती असतील तर अंतर कमी असलं तरी मी मधे फायबरच टाकते. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठं पडली की उघड्यावरून गेलेली तांब्याची तार ती घेऊन थेट स्विचच्या, म्हणजे सगळ्या नेट केबली जोडणाऱ्या डब्याच्या, पोटात जाते. काचेच्या तंतूतून वीज जात नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लागतील, खर्च थोडा वाढेल, पण जळालेल्या स्विचपुढे तो काहीच नाही.

शेडमध्ये इंडक्शन फर्नेसच्या आणि मोटारींच्या जाड केबली ज्या ट्रेतून जातात, त्याच ट्रेत नेटची केबल टाकायची नाही. वायरमन टाकेल, कारण ट्रे तयार असतो. त्याला वेगळा जीआय पाइप टाकायला लावा, आणि पॉवरची केबल ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडायला सांगा.

केबलचा बॉक्स फोडण्याआधी वीतभर तुकडा मागा. आतल्या आठ तारांपैकी एक सोला आणि ब्लेडनं हलकं खरवडा. वरचा तांबडा थर जाऊन खाली पांढरट चमक दिसली तर ते तांबं नव्हे, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती केबल परत करा. ठिसूळ असते, जोडात तुटते, आणि मशीनला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर तापतेही. बॉक्सवर 'कॅट 6' असा केबलचा दर्जा छापलेला असतो, पण छापायला काय जातंय. प्रत्येक पॉइंटला एकाऐवजी दोन केबली ओढून ठेवा आणि दोन्ही टोकांना एकच नंबर घाला. हे लेबल लावायचं काम "नंतर करू" म्हटलं की कधीच होत नाही.

विजेचं थोडक्यात. मशीनचा 12 व्होल्टचा ॲडॅप्टर मशीनजवळच, झाकणाच्या डब्यात हवा. ऑफिसात ॲडॅप्टर ठेवून बारीक वायरनं 12 व्होल्ट पन्नास मीटर ओढले तर पोचेपर्यंत दहाच उरतात आणि मशीन मधूनच बंद पडून चालू होतं. यूपीएस सगळे मशीनला देतात, रॅकमधल्या स्विचला विसरतात. लाइट गेली की मशीन जिवंत आणि रस्ता बंद. अर्थात या काळातल्या नोंदी मशीनच्या पोटात राहतात आणि जोडणी आली की पुढे जातात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त ते खरंच होतं का, हे सप्लायरच्या माणसासमोर केबल उपटून तपासून घ्या. आणि अर्थिंग एकदा मोजून घ्या, केवळ हिरवी वायर दिसते म्हणून समाधान मानू नका.

नेटवर्क बघणारा जो कोणी असेल त्याच्याकडून चार स्थिर आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक मशीनचा न बदलणारा नंबर) आत्ताच राखून घ्या आणि ते सीसीटीव्हीच्या पत्त्यांशी भांडत नाहीत ना, ते बघा. बऱ्याच कंपन्यांची मशीनं कारखान्यातून एकच ठरलेला पत्ता घेऊन येतात. चारही एकदम जोडली की चौघंही एकाच नावाला ओ देतात आणि कुणाचंच बोलणं कळत नाही. एकेक जोडायचं, पत्ता बदलायचा, मग पुढचं. सप्लायर म्हणाला की "राउटरवर 4370 पोर्ट बाहेरून उघडून द्या, म्हणजे आम्ही दुकानातून बघू," तर नाही म्हणा. तुमच्या हजेरीचं दार जगाला उघडं कशाला? मशीनला आतून बाहेर नोंदी पाठवता येतात, त्यावर काम भागतं. मशीनचा मूळ पासवर्डही त्याच दिवशी बदला.

चारही मशीनांचं घड्याळ एका जागेवरून जुळलं पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा राखते आणि तिचा वेळेचा सर्व्हर इंटरनेटवर आहे. ऑफिसचा सर्व्हर त्याला जोडा आणि मशीनं सर्व्हरला. गेटवरचं मशीन आणि मागच्या शटरचं मशीन यांत चार मिनिटांचा फरक आहे हे कळायला कामगारांना आठवडासुद्धा लागत नाही. सकाळी सगळे मागच्या शटरनं येऊ लागले की समजून जा.

आता खास तुमच्या टेबलावरचं काम. मशीनवरचा नंबर आणि पगाराच्या सॉफ्टवेअरमधला नंबर एकच हवा. जुन्या कार्डावर 0045 असेल आणि एक्सेलनं पुढची शून्यं खाऊन 45 केला असेल, आणि तिकडे कंत्राटदाराच्याही यादीत एक 45 असेल, तर एकाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर चढते. कंत्राटी माणसांना वेगळी मालिका द्या, उदाहरणार्थ 5001 पासून पुढं, आणि यादी मशीनं यायच्या आधी पक्की करा.

मग नियम. रात्री अकराला चढलेला माणूस सकाळी सातला उतरतो, तो दिवस कुणाचा? सॉफ्टवेअरला सांगितलं नाही तर त्याच्या हिशेबी तो एक दिवस आलाच आणि गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला आणि आलाच नाही. पाळीची अदलाबदल कोण मंजूर करणार? पंच राहिला तर फॉर्मवर सही कुणाची? ओव्हरटाइम कुठून मोजायचा? ओव्हरटाइमचा दर दुप्पट, हे सगळ्यांना पाठ आहे, पण मिनिटं कशी धरायची यावर तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का? तुमच्याकडे स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीचे मंजूर नियम) असतील तर त्यांत हजेरी आणि उशिराबद्दलची कलमं असतात, ती काढून वाचा. बरेच मालक "तीन उशिरांना अर्धा दिवस कट" असं सॉफ्टवेअरमध्ये बिनदिक्कत भरतात. वेतनाच्या कायद्याचं धोरण असं की जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता, तेवढ्याच प्रमाणात कपात. ते आकडे भरण्याआधी तुमच्या कामगार सल्लागाराला दाखवा. जुन्या मशीनच्या काळात तुम्ही तोंडओळखीनं बरंच सांभाळून घेत असाल. नवीन मशीन तोंड ओळखतं, पण सांभाळून घेत नाही.

हे नियम मराठीत आणि हिंदीत एका कागदावर लिहून मशीन लागण्याआधी बोर्डावर लावा. बिहार-उत्तर प्रदेशची पोरं मोल्डिंगला असतीलच. आणि जुनं कार्डाचं मशीन भंगारात द्यायची घाई करू नका. एक पूर्ण पगार होईपर्यंत दोन्ही चालवा, दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून फरक शोधा. कामगार कुरकुरतील की दोनदा पंच कशाला. पहिल्या पगारात फरक सापडला की तेच म्हणतील, राहू द्या अजून एक महिना.

प्रश्न : आमचं चंदगड तालुक्यात काजू सोलायचं युनिट आहे. साठ बायका आहेत. अंगठ्याचं मशीन बसवलं, पण निम्म्या जणींचा अंगठा घेतच नाही. मशीन बदलून घ्यावं का?
(एक वाचक, चंदगड)

उत्तर : मशीन बदलून पुन्हा अंगठ्याचंच आणणार असाल तर पैसे वाया जातील. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बायका हाताला तेल, राख लावून बसतात तरी बोटांची सालं निघतात, आणि मशीन वाचतं त्या बोटावरच्या रेघा. गवंड्यांचं, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्यांचं, वय झालेल्यांचंही हेच होतं.

अशा एका शेडमध्ये मी सकाळी उभी होते. एक मावशी पदरानं अंगठा पुसून लावत होत्या. लाल दिवा. पुन्हा पुसला, फुंकर मारली, लावला. लाल. मागून कुणीतरी हसलं आणि त्या बाजूला होऊन म्हणाल्या, "माझा थंब न्हाई घेत बघा, लिवून घ्या." रोज सकाळी साठ जणींसमोर असं होणं बरं नव्हे. मशीन मागवताना हा विचार कुणी केलेला नसतो.

आहे त्या मशीनमध्ये करता येण्यासारखं पुष्कळ आहे. नोंदणी अंगठ्याची करू नका. कटरवर ज्या बोटांचा दाब कमी येतो ती निवडा, बहुतेक जणींची डाव्या हाताची अनामिका बरी निघते. प्रत्येकीची दोन-तीन बोटं घ्या. नोंदणी सकाळी, हात धुऊन कोरडे करून, कामाला बसण्याआधी घ्या. सुटीनंतरच्या दिवशी घेतलीत तर उत्तम, कातडी थोडी भरलेली असते. काच रोज मऊ कोरड्या फडक्यानं पुसा. तरीही दहा-बारा जणी राहतील. तुमच्या मशीनला कार्ड वाचायची सोय आहे का ते बघा, बऱ्याच मशीनांत ती असतेच आणि कुणी वापरत नाही. त्यांना कार्डं द्या. एकीचं कार्ड दुसरी लावेल ही भीती असेल तर मुकादमीण तिथंच उभी असते की.

पुढचं मशीन घेताना चेहऱ्याचं घ्या. नोंदणी मात्र रोज जशा बसतात तशा वेशात करा, डोक्याला फडकं बांधून. मास्क लावून बसत असतील तर मास्क लावलेला चेहरा ओळखतो का, हे चार जणींवर करून बघून मगच पैसे द्या.

प्रश्न : पतसंस्थेची पाच शाखा-कार्यालयं आहेत. हजेरीचं मशीन वाय-फायवर चाललं तर केबलचा खर्च वाचेल ना?
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : दोन खोल्यांच्या शाखेत चालेल. मशीनचं वाय-फाय बहुधा 2.4 गिगाहर्ट्झचंच असतं, त्यामुळे राउटरवर ते चालू ठेवा, नुसतं 5 चं नाव मशीनला दिसणार नाही. पाहुण्यांना देता त्या पासवर्डवर मशीन ठेवू नका. कुणी पासवर्ड बदलला की पाचही शाखांतून फोन येतील. राउटर आणि मशीन एकाच भिंतीवर असतील तर मात्र वाय-फायचा हट्ट कशाला, दीड मीटरची केबल लावा आणि विसरून जा.

प्रश्न : हजेरीच्या मशीनलाच दाराचं चुंबकी लॉक जोडून देतो, असं वायरमन म्हणतो. म्हणजे पंच केल्याशिवाय दार उघडणारच नाही. करावं का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आत येण्यासाठी करा. बाहेर जाण्यासाठी पंचाची सक्ती करू नका. चुंबकी लॉक वीज गेली की सुटतं, आणि ते तसंच असायला हवं. कुणी "लाइट गेल्यावरही दार बंद राहील" अशी बॅटरी जोडून देतो म्हणाला, तर आतून उघडायचं बटण त्या लॉकची वीज सरळ तोडतं का, हे आधी बघा. बटणाची वायर मशीनमधून फिरवून नेलेली असली आणि मशीन अडकलं, तर दार अडकलं. आगीचं पॅनेल असेल तर त्याचाही संबंध लॉकच्या विजेशी जोडा. इचलकरंजीत आहात, म्हणजे कापडाचंच काम असणार, सूत आणि गाठी भरलेल्या असतात. लॉकला वेगळा ॲडॅप्टर द्या. मशीनच्याच ॲडॅप्टरवर लॉक चालवलं तर दार खेचलं जाताच मशीन दचकून बंद पडतं.

प्रश्न : मी कंपनीत कामगार आहे. आमचे अंगठे आणि चेहरे घेतलेत. गावाकडे म्हणतात की अंगठ्यावरून बँकेतले पैसे काढतात. आम्ही नाही म्हणू शकतो का?
(एक वाचक, कागल)

उत्तर : भाऊ, तुमची शंका हसण्यावारी नेणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आधारवर चालणाऱ्या पैसे काढायच्या सोयीत अंगठ्याचे नकली ठसे वापरून फसवणूक झाल्याचे गुन्हे खरोखर नोंदले गेले आहेत, आणि त्यातले काही ठसे जमिनीच्या दस्तांवरून उचललेले होते. पण हजेरीचं मशीन सहसा तुमच्या बोटाचा फोटो ठेवत नाही. रेघांच्या ठेवणीवरून काढलेले आकडे ठेवतं. त्याचा आधारशी किंवा बँकेशी संबंध नसतो. तुमच्या भीतीवर सरळ इलाज आधारकडेच आहे : आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक कुलूप लावता येतं. लक्षात एवढंच ठेवा की ते लावल्यावर रेशन दुकानातही अंगठा चालणार नाही, जायच्या आधी उघडावं लागेल.

नाही म्हणण्याबद्दल. माहिती तंत्रज्ञानाच्या 2011 च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरलेली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायची मुभा मालकाला दिली आहे, पण ती सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली आहे. त्यामुळे एकट्यानं भांडण्यापेक्षा युनियनमार्फत किंवा चौघांच्या सहीनं तीन गोष्टी लेखी विचारा. आमची माहिती मशीनमध्ये आहे, कंपनीच्या सर्व्हरवर आहे की सप्लायरच्या क्लाउडवर? मशीनचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे, टाइम ऑफिसकडे की सप्लायरच्या पोराकडे? आणि माणूस काम सोडून गेला की त्याची नोंद पुसतात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तपासताही येईल. कोणी काम सोडून गेलेला मित्र भेटायला आला, तर टाइम ऑफिसच्या परवानगीनं त्याला मशीनपुढं उभं करा. मशीननं नाव घेऊन स्वागत केलं, तर त्याच दिवशी अर्ज द्या.